इकॉलॉजीसाठी स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक कसं निवडायचं: सोलापुरातल्या नव्या संशोधकांसाठी

एमएस्सीचा प्रोजेक्ट ठरला किंवा ‘पेट’ (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास होऊन पीएचडीला नोंदणी झाली, की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो: “स्टॅटिस्टिक्ससाठी कुठलं पुस्तक घेऊ?” विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. सीनिअर ते देतातही, बहुधा त्यांना त्यांच्या सीनिअरने दिलेलंच. मग पुस्तक येतं, पहिल्या तीन प्रकरणांत पेन्सिलीच्या खुणा होतात, आणि डेटा हातात आल्यावर कळतं की आपल्याला हवं ते पान त्यात नाहीच.

नान्नजच्या माळावर पक्षी मोजणारा, हिप्परगा तलावातले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) बघणारी आणि उजनीच्या फुगवट्यावर माशांच्या जाती नोंदवणारा, या तिघांच्या आकड्यांचा स्वभाव वेगळा. त्यांना एकच पुस्तक पुरत नाही. म्हणून आधी आपले आकडे ओळखायचे आणि मग त्यांना शोभेल ते पुस्तक शोधायचं, असा क्रम ठेवा.

पहिली पायरी: कोरा कागद घ्या

कागदावर तुमच्या एक्सेल शीटचं वर्णन लिहा. शीट अजून तयार नसेल तर जी होणार आहे तिचं लिहा. शीटमधली एक ओळ म्हणजे नक्की काय? एक ट्रान्झेक्ट (ठरलेल्या रेषेत चालत केलेली मोजणी), एक क्वाड्रॅट (मोजणीसाठी आखलेला चौकोन), एक पक्षी की एक सकाळ? ज्याचं उत्तर शोधताय तो कॉलम कुठला, आणि त्यात काय भरलंय: मोजणी, होय-नाही, माप, टक्केवारी की जातींची अख्खी यादी? हे लिहायला अर्धा तास लागतो आणि पुस्तकाची निवड निम्मी तिथेच होते.

हे जरा जवळून बघू. आकडे मी उदाहरणासाठी मांडलेले आहेत. समजा, नान्नजच्या माळावर तुम्ही सारख्या लांबीचे दहा ट्रान्झेक्ट चाललात आणि प्रत्येकावर किती धाविक पक्षी दिसले ते लिहिलंत:

०, ०, २, ०, ११, ०, १, ०, ०, ६

बेरीज २०, सरासरी २. सवयीप्रमाणे एसडी (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्याचं माप) काढलं तर ३.६८ येतं आणि प्रबंधात ‘२ ± ३.६८’ असं छापलं जातं. याचं खालचं टोक उणे १.६८ धाविक होतं. उणे पक्षी कोणी पाहिलेला नाही. तरीही असे तक्ते सर्रास छापून येतात, कारण ज्या पुस्तकातून हे शिकलो त्यात सगळी उदाहरणं उंची-वजनाची असतात.

आता व्हेरियन्स, म्हणजे एसडीचा वर्ग, बघा: १३.५६. मोजणीच्या आकड्यांसाठी पुस्तकांत पहिल्यांदा येतं ते प्वासाँ वितरण, आणि त्यात सरासरी आणि व्हेरियन्स सारखे असायला हवेत. इथे व्हेरियन्स सरासरीच्या जवळजवळ सातपट आहे. शून्यं मोजा. सरासरी २ असेल तर प्वासाँप्रमाणे एखाद्या ट्रान्झेक्टवर शून्य येण्याची शक्यता ०.१३५, म्हणजे दहांत एखादं, फार तर दोन. आपल्याकडे सहा आहेत. याचं कारण माळावर फिरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. धाविक लहान थव्यांनी असतो, चरून उघड्या पडलेल्या जमिनीवर रमतो, आणि गुडघाभर कुसळी गवतात एक तर नसतो किंवा असला तरी दिसत नाही.

तेव्हा कागदावर लिहा: ‘मोजणी, शून्यं फार, थवे.’ या तीन शब्दांनी दुकानातली निम्मी पुस्तकं बाद होतात.

दुसरी नोंद करायची ती ओळींच्या आपसातल्या नात्याची. हिप्परगा तलावाच्या एकाच काठावरून, एकाच सकाळी, हाताच्या अंतरावर पाण्याच्या वीस बाटल्या भरल्या आणि होटगी तलावावरून आणखी वीस, तर शीटमध्ये चाळीस ओळी होतात. पण प्रश्न ‘सांडपाणी येणारे तलाव आणि न येणारे तलाव यांत फरक आहे का’ असा असेल, तर तुमच्याकडे तलाव दोनच आहेत. चाळीस बाटल्यांवर टी-टेस्ट (दोन सरासरींतल्या फरकाची चाचणी) लावून आलेला पी (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) तलावांच्या प्रकारांबद्दल काहीच सांगत नाही. फार तर त्या दोन सकाळी त्या दोन काठांवरचं पाणी वेगळं होतं एवढं कळतं. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली ‘इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स’मध्ये यावर लिहिलेला लेख अजूनही वाचनीय आहे. त्यांनी तपासलेल्या १७६ प्रयोगांपैकी २७ टक्क्यांत हा दोष होता. पुस्तक घेण्याआधी हा एक लेख वाचा. त्यातलं इंग्रजी अवघड नाही आणि लेखक बोचरा आहे, त्यामुळे कंटाळा येत नाही.

तिसरी नोंद म्हणजे दिसलेलं आणि असलेलं यांतला फरक. चंडोल मे महिन्यात उघड्या माळावर दुरून दिसतो. सप्टेंबरात गवत वाढलं की तोच पक्षी पायाखालून उडेपर्यंत कळत नाही. दोन्ही महिन्यांचे आकडे सरळ शेजारी ठेवले तर पक्षी कमी झाले की गवत उंच झालं हे सांगता येणार नाही. तुमचा प्राणी असा लपणारा असेल (सोलापूरच्या माळावरचे बहुतेक तसेच), तर कागदावर ‘डिटेक्शन’ हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. झाडं किंवा गवत मोजत असाल तर हा त्रास बराच कमी.

आणि काही प्रश्नांना कुठलंच पुस्तक पुरत नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, तेव्हा त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता. पुढे तो १,२२२ वर आणला गेला. आणि ज्याच्यासाठी ते झालं तो माळढोक आता तिथे जवळजवळ दिसतच नाही. ‘माळढोकाचा अधिवास’ हा विषय कितीही मनात असला, तरी पक्षी दिसणारच नसेल तर कॉलममध्ये फक्त शून्यं भरतील. शून्यांच्या कॉलमवर मॉडेल चालत नाही. त्याऐवजी त्याच माळावरचा काळवीट, खोकड किंवा गवताच्या जाती घ्या. हे पुस्तकाबद्दलचं बोलणं नाही हे खरं, पण चुकीचा विषय घेतलेला विद्यार्थी पुस्तकं बदलत बसतो, म्हणून इथे लिहिलं.

दुसरी पायरी: पुस्तक कोणासाठी लिहिलंय ते ओळखा

आपल्याकडे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती साधारण तीन कुळांतली पुस्तकं पडतात.

पहिलं कूळ बायोस्टॅटिस्टिक्सचं, म्हणजे खरं तर वैद्यकाचं. रुग्ण, औषध, रक्तदाब, मृत्युदर. टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर समजून घ्यायला ठीक. पण रुग्ण दवाखान्यात स्वतःहून येतो, त्याला गवतात शोधावं लागत नाही. त्यामुळे क्षेत्रात सॅम्पल कसं घ्यायचं हा आपला सगळ्यात मोठा प्रश्न तिथे येतच नाही.

दुसरं कूळ शेतीचं, आणि सोलापुरात ते भरपूर भेटतं. केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे, शहरात कोरडवाहू शेतीचं संशोधन जुनं आहे. तिथल्या लोकांच्या टेबलावर पानसे आणि सुखात्मे यांचं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ असतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. १९५४ साली आलेलं त्यांचं ‘सॅम्पलिंग थिअरी ऑफ सर्व्हेज विथ ॲप्लिकेशन्स’ जगभर वापरलं गेलं. ही परंपरा मोठी आहे आणि प्रयोगाची आखणी शिकायची तर याच लोकांकडून शिकावी. ब्लॉक कशासाठी, यादृच्छिक वाटप म्हणजे काय, रेप्लिकेट कशाला म्हणायचं, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त नेमकं कळतं. तुम्ही ग्लिरिसिडिया झाडांची लागवड काढलेले आणि न काढलेले पट्टे प्रयोग म्हणून तुलनेला घेत असाल, तर हेच कूळ तुमचं. पण वावर सपाट करून समान वाफे पाडता येतात, माळ पाडता येत नाही. निसर्गात जे जसं आहे ते तसंच मोजायचं असेल तर हे पुस्तक मध्येच तुमचा हात सोडतं.

तिसरं कूळ गणिती: सिद्धता, सूत्रं, सरावाची गणितं. बीएस्सीला संख्याशास्त्र असेल तर हौसेने वाचा. नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. सिद्धता न कळल्यामुळे ‘मला स्टॅट जमत नाही’ असा समज करून घेतलेली पुष्कळ चांगली फिल्डची मुलं-मुली मी पाहिली आहेत.

इकॉलॉजीसाठी म्हणून लिहिलेली पुस्तकं हे चौथं कूळ. नेमकं तेच आपल्या कपाटांत कमी दिसतं.

तिसरी पायरी: मागची सूची उघडा

दुकानात असा, ग्रंथालयात असा किंवा मोबाइलवर नमुना पानं बघत असा, प्रस्तावना वाचू नका. प्रस्तावनेत प्रत्येक पुस्तक सोपं असतं. शेवटची सूची उघडा आणि हे शब्द शोधा: ओव्हरडिस्पर्शन (व्हेरियन्स सरासरीपेक्षा फार मोठा असणं), निगेटिव्ह बायनॉमियल (अशा मोजणीसाठीचं वितरण), झिरो-इन्फ्लेटेड (जादा शून्यांसाठीचं मॉडेल), रँडम इफेक्ट (एकाच गटातल्या ओळींचं साम्य हिशोबात धरणारा भाग), स्यूडोरेप्लिकेशन, डिटेक्टेबिलिटी (असलेला प्राणी दिसण्याची शक्यता), स्पेशियल ऑटोकोरिलेशन (जवळच्या जागांचे आकडे सारखे असणं), ऑर्डिनेशन (जातींच्या याद्यांतलं साम्य आणि फरक नकाशासारखे मांडणं). सगळे असायची गरज नाही. पहिल्या पायरीत कागदावर जे उतरलं त्याच्याशी जुळणारे असले पाहिजेत. धाविकाच्या आकड्यांसाठी पहिले तीन हवेतच. तलावाच्या बाटल्यांसाठी चौथा-पाचवा. जातींच्या यादीसाठी शेवटचा.

मग त्या शब्दापुढचं पान उघडून बघा, त्या विषयाला किती जागा दिलीय. एका परिच्छेदात उरकलं असेल तर पुस्तकात तो शब्द आहे, विषय नाही.

आणखी दोन गोष्टी चाळताना डोळ्यांखालून घाला. एक, उदाहरणाचे मूळ आकडे छापलेत का किंवा फाइल मिळते का? नुसतं उत्तर देणारं पुस्तक संदर्भाला निरुपयोगी, कारण आपण बरोबर करतोय की नाही हे त्यावरून तपासता येत नाही. दोन, मॉडेल बसवल्यावर लेखक पुढे काय करतो? रेसिड्युअलचे (प्रत्यक्ष आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतल्या फरकाचे) आलेख काढून ‘हे मॉडेल बसलंय का’ असं विचारणारा लेखक चांगला. पी ०.०५ पेक्षा कमी आला, फरक सिग्निफिकंट, संपलं, असं करणाऱ्याचं पुस्तक खाली ठेवा. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूच्या गैरवापराबद्दल जाहीर निवेदन काढलं. त्यानंतर छापलेल्या पुस्तकांत निदान त्याची जाणीव असावी ही अपेक्षा रास्त आहे.

चौथी पायरी: नावं

माझं मत आधीच सांगतो. एक पुस्तक घेऊ नका, दोन घ्या. एक सलग वाचायला, दुसरं अडल्यावर उघडायला. वाचायच्या पुस्तकाकडून संदर्भाचं काम करून घ्यायला गेलं की दोन्ही बिघडतात.

सलग वाचायला माझी पहिली पसंती गोटेली आणि एलिसन यांच्या ‘अ प्रायमर ऑफ इकॉलॉजिकल स्टॅटिस्टिक्स’ला. पहिली आवृत्ती २००४ ची, दुसरी २०१२ ची. दुसरीच घ्या, कारण तिच्यात जैवविविधता मोजण्यावर आणि प्राणी दिसण्याच्या शक्यतेवर नवीन प्रकरणं जोडली आहेत. संभाव्यतेपासून सुरुवात आहे, उदाहरणं मुंग्यांची आणि वनस्पतींची आहेत, आणि आखणीचा भाग विश्लेषणाच्या आधी येतो. डेटाची फाइल कशी नीट ठेवावी यावरही एक प्रकरण आहे. ते एकटं वाचलं तरी पुढचे कित्येक महिने वाचतील. पुस्तक सॉफ्टवेअरच्या आज्ञांवर उभं नाही, त्यामुळे जुनं होत नाही.

त्याच कामासाठी दुसरा पर्याय क्विन आणि किओ यांचं ‘एक्सपेरिमेंटल डिझाइन अँड डेटा ॲनॅलिसिस फॉर बायॉलॉजिस्ट्स’, मूळ २००२ चं. हे जास्त जड आहे. पण तुमची आखणी गुंतागुंतीची असेल, म्हणजे तलावात ठिकाणं, ठिकाणात खोली आणि दर महिन्याला पुन्हा तेच, तर एवढा नीट उलगडा दुसरीकडे मिळणं अवघड.

संदर्भाचं पुस्तक मात्र कागद बघूनच ठरवायचं.

मोजणी आणि शून्यं, शिवाय ओळी गटागटांच्या: झुर आणि सहकाऱ्यांचं ‘मिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल्स अँड एक्स्टेन्शन्स इन इकॉलॉजी विथ आर’, २००९. शून्यांच्या अतिरेकावर यात स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पुस्तकाचा उत्तरार्ध खऱ्या अभ्यासांचा आहे, त्यांच्या सगळ्या घोळांसकट. आपल्या धाविकाच्या दहा आकड्यांचं काय करायचं ते इथे सापडेल. दहाच आकड्यांवर झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल लावायला जाऊ नका, ते त्यांना पेलणार नाही. निगेटिव्ह बायनॉमियल लावून बघा आणि पुढच्या हंगामात ट्रान्झेक्ट वाढवा. याच लेखकाचा सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला २०१० मधला एक लेख, विश्लेषणाआधी डेटा कसा तपासावा यावरचा, ‘मेथड्स इन इकॉलॉजी अँड एव्होल्यूशन’मध्ये आहे. तो छापून भिंतीला लावावा असा आहे. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात ओहारा आणि कोट्झे यांनी मोजणीच्या आकड्यांचं लॉग घेऊन काम भागवू नका असं सप्रमाण दाखवलं. तुमचे गाइड ‘लॉग घे आणि एनोव्हा (गटांच्या सरासरींची तुलना करणारी चाचणी) लाव’ म्हणाले, तर वाद न घालता तो लेख पुढे ठेवता येतो. “सर, हे एकदा बघता का?” एवढं म्हणून.

लपणारे प्राणी: अंतर मोजून घनता काढायची असेल तर बकलंड आणि सहकाऱ्यांचं ‘इंट्रोडक्शन टू डिस्टन्स सॅम्पलिंग’, २००१. प्राणी एखाद्या ठिकाणी आहे की नाही एवढाच प्रश्न असेल तर मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांचं ऑक्युपन्सीवरचं पुस्तक, दुसरी आवृत्ती २०१८. दोन्ही फिल्डला जाण्याआधी वाचायची. ट्रान्झेक्टपासूनचं अंतर मोजलंच नसेल किंवा त्याच जागी पुन्हा गेलाच नसाल, तर नंतर पुस्तक उघडून हळहळण्यापलीकडे काही होत नाही.

जातींची यादी, म्हणजे प्लवक, मासे, गवत: लजांद्र आणि लजांद्र यांचं ‘न्यूमेरिकल इकॉलॉजी’, तिसरी इंग्रजी आवृत्ती २०१२. हजाराच्या घरात पानं. विकत घेऊ नका, ग्रंथालयाला घ्यायला लावा. स्वतःसाठी त्याचंच आटोपशीर भावंड घ्या: बोरकार, जिले आणि लजांद्र यांचं ‘न्यूमेरिकल इकॉलॉजी विथ आर’, दुसरी आवृत्ती २०१८. आमच्याकडे तलावावरचा प्रबंध म्हटला की शॅनन निर्देशांक (जातींची विविधता एका आकड्यात सांगणारा) आलाच, आणि बहुतेक वेळा विश्लेषण तिथेच थांबतं. एका आकड्यात सगळी यादी कोंबली की कुठली जात गेली आणि कुठली आली हे हरवतं. उजनीत तिलापिया वाढला आणि स्थानिक मासे घटले तरी शॅनन जागचा हलणार नाही, असंही होऊ शकतं. ऑर्डिनेशन शिका.

साध्या चाचण्या, सूत्रं आणि तक्ते हवेत: झार यांचं ‘बायोस्टॅटिस्टिकल ॲनॅलिसिस’ किंवा सोकल आणि रोल्फ यांचं ‘बायोमेट्री’. दोन्ही जुनी घराणी, पहिल्या आवृत्त्या अनुक्रमे १९७४ आणि १९६९ च्या. झारचं पुस्तक भारतीय छपाईत मिळतं म्हणून ते सगळीकडे दिसतं. कुठल्या चाचणीच्या अटी काय, हे पटकन बघायला उत्तम. पण जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल (मोजणी, होय-नाही अशा आकड्यांनाही चालणारं) शिकायला त्याच्याकडे जाऊ नका. परीक्षक विचारतात ते याच पुस्तकातलं, हेही लक्षात असू द्या.

बोल्करचं ‘इकॉलॉजिकल मॉडेल्स अँड डेटा इन आर’ आणि मॅकएलरीथचं ‘स्टॅटिस्टिकल रीथिंकिंग’ ही दोन पुस्तकं मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतात, पण नवख्याला पहिलं पुस्तक म्हणून सुचवणार नाही. वर्षभर आकड्यांशी झटून झालं की घ्या. मॅकएलरीथची व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत, त्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.

पाचवी पायरी: सॉफ्टवेअरची जोडी जुळते का?

पुस्तक एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरवर आणि तुमच्या लॅबमध्ये एसपीएसएसचा परवाना नाही, अशी जोडी पुष्कळदा जमते. मग पायरेटेड कॉपी शोधणं सुरू होतं. त्यापेक्षा ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा शिका. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि वरच्या यादीतली बरीचशी पुस्तकं त्याच्यावरच आहेत. पहिले दोन आठवडे छळ होतो. ‘पास्ट’ हे फुकट सॉफ्टवेअर मेन्यूवर चालतं आणि आपल्याकडे लोकप्रिय आहे. ते मुळात जीवाश्मांच्या अभ्यासकांसाठी २००१ मध्ये आलं. निर्देशांक आणि ऑर्डिनेशनपुरतं चांगलं आहे, पण रँडम इफेक्टवाली मॉडेलं लागली की ‘आर’कडे यावंच लागतं.

पुस्तकातला कोड जुना झाला असेल, तर काही आज्ञा चालणार नाहीत. त्याने घाबरू नका. विचार जुना झालेला नसतो आणि नवीन पॅकेजचं नाव शोधायला पाच मिनिटं लागतात. अपवाद एकच: ज्या पुस्तकाचं सगळं बस्तान आता बंद पडलेल्या सॉफ्टवेअरवर आहे ते पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नये.

सहावी पायरी: सोलापुरात मिळवायचं कसं

नवी पेठेत क्रमिक पुस्तकं मिळतात, वरची नावं मिळण्याची आशा धरू नका. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला जाऊन अप्पा बळवंत चौकात विचारलं तरी झारपलीकडे फारसं हाती लागत नाही. ऑनलाइन मागवणं हाच खरा मार्ग, आणि त्यात तीन गोष्टी बघायच्या: भारतीय छपाई आहे का, आवृत्ती कितवी, आणि पानांची संख्या मूळ पुस्तकाशी जुळते का. स्वस्तातल्या बनावट प्रतींमध्ये आलेख इतके पुसट असतात की रेसिड्युअलचा एक ठिपका दिसत नाही. रेसिड्युअलच दिसत नसतील तर त्या पुस्तकाचा उपयोग काय?

फुकटातही बरंच आहे. चार्ल्स क्रेब्स यांनी आपल्या ‘इकॉलॉजिकल मेथडॉलॉजी’ची सुधारलेली प्रकरणं स्वतःच्या संकेतस्थळावर मोकळी ठेवली आहेत. क्वाड्रॅट किती मोठा, सॅम्पल किती, खूण करून पुन्हा पकडणं, हे सगळं त्यात आहे. खिशात पैसे नसतील तर इथूनच सुरुवात करा. नियतकालिकांतले लेख सरकारी विद्यापीठांना २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून मिळतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात लॉगिन कसं करायचं ते विचारून घ्या. वर सांगितलेले लेख आधी त्यातच शोधा.

ग्रंथालयाकडे मागणी लेखी द्या, गाइडच्या सहीने. जानेवारीत दिलेली मागणी मार्चअखेरच्या खरेदीत बसण्याची शक्यता असते, एप्रिलमध्ये दिली तर वर्ष गेलं. सारथी, बार्टी किंवा महाज्योतीची फेलोशिप असेल तर कंटिन्जन्सीतून (किरकोळ खर्चाच्या रकमेतून) पुस्तकं बसतात का हे बिल करण्याआधी विचारा. चौघांनी मिळून दोन-दोन वेगवेगळी पुस्तकं घेतली तर लॅबमध्ये आठ होतात. प्रत्येकाने झार घेतला तर चार झार होतात.

सातवी पायरी: घेण्याआधी एक उदाहरण सोडवा

पुस्तक आठवडाभरासाठी उसनं आणा किंवा नमुन्याचं प्रकरण उतरवून घ्या. त्यातलं एक उदाहरण, तुमच्या आकड्यांशी सगळ्यात मिळतंजुळतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करून बघा. पुस्तकातलंच उत्तर यायला हवं. मग मागे वळून लेखकाने प्रत्येक टप्प्याचं कारण दिलंय का ते पाहा. दोनदा वाचूनही कारण कळत नसेल तर ते पुस्तक सध्या तुमच्यासाठी नाही, नाव कितीही मोठं असो.

याच वेळी संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाला गाठा. विद्यापीठात आहेत, शहरातल्या कॉलेजांतही आहेत. मात्र ‘सर, माझा डेटा ॲनालाइज करून द्या’ म्हणून जाऊ नका. पहिल्या पायरीतला कागद घेऊन जा आणि आखणी दाखवा, डेटा गोळा व्हायच्या आधी. तुमचा चंडोल त्यांना माहीत नसतो, पण सॅम्पल कुठे फसलंय ते पाच मिनिटांत सांगतात. आरआरसीपुढे (संशोधनाच्या विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे) सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मांडताना कोणीतरी ‘सॅम्पल साइझ कशावरून ठरवलं?’ असं विचारतंच. त्या वेळी ‘मागच्या प्रबंधात तीस होतं’ हे उत्तर चालत नाही. पुस्तकाचं नाव, प्रकरण आणि स्वतःच्या प्राथमिक मोजणीतला व्हेरियन्स, एवढं हाताशी ठेवा.

वेळेचा हिशोब फिल्डच्या हंगामावरून करा. हिवाळी पक्षी हिप्परग्यावर आणि उजनीवर साधारण नोव्हेंबरपासून जमतात, म्हणजे सॅम्पलिंगची प्रकरणं दिवाळीपूर्वी वाचून झाली पाहिजेत. गवताचं काम असेल तर पावसाळ्याच्या शेवटी क्वाड्रॅट टाकावे लागतील, त्यामुळे जून-जुलै हा वाचनाचा काळ. मॉडेलची प्रकरणं नंतर, उन्हाळ्यात, जेव्हा दुपारी माळावर जाता येत नाही आणि शीट भरलेली असते.